केबलचं टोक

"दोन मिनिटं म्हणालात ताई, माझा चहा पिऊन झाला," टेम्पोवाला दारातून म्हणाला.

मी पुन्हा टेबलाखाली शिरले. बाबा गेल्यापासून बंद असलेला त्यांचा कॉम्प्युटर क्लास भंगारात जाण्याआधी मला एकदा चालू झालेला पाहायचा होता. सर्व्हर सुरू झाला होता. पण डिस्क नसलेले, त्याच्याच भरवशावर सुरू होणारे बाकीचे कॉम्प्युटर एकच गोष्ट सांगत होते: सर्व्हर सापडत नाही. मी जोड घट्ट केले, बटणं दाबली, पुन्हा जोड चाचपले. तरी तेच.

"अगदी त्यांच्यासारखी," आई म्हणाली. "टेबलाखाली गेलीस की बाहेर यायचं नाव नाही. चल, कुलूप लावू दे."

तिच्या हातातल्या जुडग्यात किल्ल्यांबरोबर धातूचं एक छोटं टोपण लोंबत होतं.

"हे कुठलं?"

"त्यांचंच. रोज क्लास बंद करताना काढून इथे अडकवायचे. म्हणायचे, आता माझ्यामागे पोरं गेम खेळणार नाहीत."

केबलचं टोक उघडं राहिलं की संदेश मागे फिरून एकमेकांवर आदळतात, हे मला बाबांनीच शिकवलं होतं. शेवटच्या कॉम्प्युटरमागे केबलच्या उघड्या टोकावर मी ते टोपण बसवलं.

एकेक पडदा उजळत गेला. प्रत्येकावर रोमन अक्षरांत बाबांची मराठी ओळ होती: उशीर झाला तरी हरकत नाही, बसून घ्या.

आई पर्स मांडीवर घेऊन पहिल्या खुर्चीत बसली.

"त्याला अजून एक चहा सांग," ती म्हणाली.