ओच्यातला गूळ

बारशाच्या सकाळी नर्सबाईंनी तानूबाईच्या नातीच्या टाचेतला रक्ताचा थेंब यंत्राला दिला. पाळण्यात घालण्याआधी बाळाचा गर्भपट, म्हणजे पोटातल्या दिवसांची रक्तात उरलेली नोंद, वाचायचा, ही आता रीतच झाली होती. तानूबाई पदर खोचून उभी राहिली. "वाचा खुशाल. आमच्या रक्तात खोट नाही."

"लेकीच्या पोटातले नऊ महिने उत्तम गेलेत," नर्सबाई म्हणाल्या. "पण आजी, ज्या बीजातून ही पोर झाली, ते तुमची लेक तुमच्या पोटात असतानाच तयार झालं. तेव्हा आधी तुमची उपासमार झाली. पुढं मात्र कुणीतरी रोज खाऊ घातलंय. नाहीतर हिचं हृदय अधू राहिलं असतं."

तानूबाईला ते दिवस आठवले. पोर मोठं झालं तर बाळंतपण अडतं, म्हणून सासू अर्धीच भाकरी वाढायची. धाकटी जाऊ हौसा मात्र गोठ्यात शेण भरताना ओच्यातून गूळ-शेंगदाणे काढून तिच्या हातात कोंबायची. त्याच हौसाशी बांधावरच्या शेवग्यापायी तिनं वीस वर्षं अबोला धरला होता.

"आई, नाव ठेवायची वेळ झाली," लेक म्हणाली.

"थांबू दे पाळणा!" तानूबाई अनवाणीच शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. "हौसे, ऊठ. चल माझ्याबरोबर."

हौसा उठून उंबऱ्याशी आली. "आणि शेवगा, अक्का?"

"घाल चुलीत!" तानूबाईनं तिचा हात धरून ओढलं. "तुझ्या गूळ-शेंगदाण्यांचं बारसं आहे. नाव तूच ठेव."