साडेबाराची चिठ्ठी

बाबांनी साडेअकरापासून एकच घोषा लावला होता. "आता लावू या का रे फोन?"

"बाबा, साडेबारा म्हणजे साडेबारा. तिकडे आत्ता कुठे सहा वाजलेत. झोपू द्या तिला."

तिकडे, परक्या देशात, घड्याळरावांच्या बहिणीच्या हृदयाची झडप बदलायची होती. तिथल्या साडेसात वाजता तिला आत नेणार होते. सहा तासांचं ऑपरेशन, आणि सही घेताना डॉक्टरांनी काहीच हातचं राखून सांगितलं नव्हतं. तिने एकच मागितलं होतं : आत जाण्याआधी, सातला, बाबांचा आवाज.

घड्याळराव हे नाव त्यांना ऑफिसात पडलेलं. पाच देशांतल्या लोकांच्या बैठका जुळवायच्या, कुणाची सकाळ मोडू नये, कुणाची जेवणाची सुट्टी बुडू नये, हे त्यांचं काम. वीस वर्षांत एक बैठक हुकली नव्हती आणि याची त्यांना चांगलीच घमेंड होती. ऑपरेशनची तारीख ठरली त्याच दिवशी, तीन आठवड्यांपूर्वी, त्यांनी हिशोब करून फ्रिजवर चिठ्ठी डकवली होती : सोमवार, दुपारी साडेबारा.

आज त्यांनी खास रजा टाकली होती. ऑफिसवाल्यांनी पिच्छा पुरवू नये म्हणून फोनचा आवाज बंद करून तो आतल्या खोलीत चार्जिंगला लावला होता. बाबांकडे स्वतःचा फोन नव्हता. मला कोण करतंय फोन, असं त्यांचं म्हणणं.

बारा वाजता बाबा पुन्हा उठले. "एकदा लावून तर बघ. लवकर लागला तर काय बिघडतंय?"

"बाबा, तुमच्या शाळेला एकच घड्याळ होतं," घड्याळराव हसून म्हणाले.

छत्तीस वर्षं शाळेची घंटा वाजवलेला तो माणूस ओशाळून खुर्चीत बसला. नुसता आवाजच ऐकवायचा होता, तरी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

बारा पंचविसाला घड्याळराव फोन आणायला आत गेले आणि तिथेच थबकले. सात मिस्ड कॉल होते. पहिला अकरा बत्तीसचा, शेवटचा अकरा पंचावन्नचा. सगळे तिचे.

त्यांच्या खाली ऑफिसातल्या कुणाचा तरी निरोप होता. 'शुक्रवारी आठवण केलीत म्हणून वाचलो. तिकडची घड्याळं पुढे जाणार हे आम्ही साफ विसरलो होतो.'

शुक्रवारी त्यांनीच चाळीस जणांना बजावलं होतं. रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे करतील, सोमवारच्या वेळा बदलून घ्या. चाळीसच्या चाळीस जणांनी घेतल्या. फ्रिजवरच्या चिठ्ठीला मात्र कुणी हात लावला नव्हता. घड्याळरावांचे कान तापले. भिंतीआडून बाबांच्या चपलांची फटफट ऐकू येत होती आणि बाहेर जायला पाय उचलत नव्हता.

"लागला का रे?"

त्यांनी बाहेर येऊन फोन लावला. उचलला जावयाने.

"दादा, अहो होतात कुठे? अर्धा तास होत आला तिला आत नेऊन. शेवटपर्यंत फोन सोडत नव्हती, नर्सने हातातून काढून घेतला. सारखं एकच, बाबांना काही झालंय आणि तुम्ही माझ्यापासून लपवताय."

बाबांनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि क्षणभर मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"जावईबापू, मी ठणठणीत आहे. अहो, माझाच डोळा लागला. हा बिचारा कधीचा उठवत होता."

घड्याळरावांनी तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण ते नुसते फोनकडे बघत उभे राहिले. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

"असू द्या बाबा," जावई म्हणाला. "बाहेर आली की लावतोच."

फोन बंद झाला. बाबांनी तो मुलाच्या हातात परत दिला आणि ते हळूच खुर्चीत टेकले.

"सहा तास म्हणाला होतास ना? मग ती बाहेर येईल तेव्हा आपल्याकडे किती वाजलेले असतील रे?"

त्यात टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते, आणि मुलालाच विचारत होते.

घड्याळराव बोटांवर मोजायला लागले. तिसऱ्या बोटाशी गडबडले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.