आरशाचा घागरा

“हे तांड्याचं घालून मंडपात येशीन, तं मी अक्षता टाकाले येनार नाही,” मोठेबाबा ताईले म्हनले. ताईच्या होनाऱ्या बंजारा सासूनं शिवलेला आरशाचा घागरा त्यायनं पऱ्हाटीच्या काडीवर उचललता, मेलेला उंदीर उचलतात तसा. ताई हातानं पत्रिका बनवून राह्यलती. “त्यातला नवरदेवाच्या पत्त्यातला ‘तांडा’ बी खोड,” म्हनून ते अंगनात थुंकले. मले किळस आली. बोंडअळीच्या साली मजूर भेटत नव्हते, तवा घागरा शिवनाऱ्या ह्याच बाईनं आमचा किडका कापूस वेचला. तिच्या शिदोरीतली भाकर मोठेबाबानं वावराच्या धुऱ्यावर मागून खाल्ली. मी काडी हिसकाले उठलो. मायनं मले मागं सारलं, घागरा घेऊन ताईच्या कमरेले लावला, दोऱ्यानं माप घेतलं. “इहीनबाईले सांग, घागरा कमरेत दोन बोटं आवळा लागते,” मले म्हनली. “पोरी, तू पत्रिकेत तांडाच लिह.” दोरा खिशात आहे, मले आता तांड्यावर निघा लागते.