टेसाचं पहिलं कार्ड

आयोवात शाळेची बस चालवणारी मार्लीन व्होगेल वीस वर्षं महिला बास्केटबॉलपटूंची, फोटो छापलेली संग्रहाची कार्डं जमवत आली होती. ती कार्डं गावातल्या कार्डांच्या दुकानात कोपऱ्यातल्या खोक्यात धूळ खात पडलेली असत. "बायकांचा खेळ बघतंय कोण? घेऊन जा सगळी, जागा तरी होईल," असं म्हणत दुकानदार ग्लेन चिल्लर पैशांत देऊन टाकायचा.

यंदा, लहानपणी तिच्याच बसमधून शाळेत जाणारी टेसा मोठ्या व्यावसायिक संघात गेली आणि तिचं पहिलं कार्ड निघालं. मार्लीन दुकान उघडायच्या आधीच गेली, तर दारात ही भलीमोठी पुरुषांची रांग! तिचा नंबर आला तेव्हा एकच कार्ड उरलं होतं.

"नऊशे डॉलर," ग्लेन म्हणाला.

"अरे, मी तुझं जुनं गिऱ्हाईक! काहीतरी कमी कर की."

"आता भाव माझ्या हातात राहिलाय का, मार्लीन?"

ती पर्स चाचपत राहिली. तेवढ्यात मागच्या तरुणाने घासाघीस न करता नऊशे मोजले आणि कार्ड घेतलं. जाताना तिचा पडलेला चेहरा बघून तो थांबला.



"वाईट वाटून घेऊ नका, मॅडम. पण हा नाद जरा आधीपासून लावून घ्यायला हवा होता तुम्ही."