घिरट्या

"बाईसाहेब, याला गोल म्हणतात? वारा काय फक्त आपल्याच विमानाला लागतो?" शेजारच्या सीटवरून तिचे प्रशिक्षक कॅप्टन सबनीस शलाकाला म्हणाले. धरणाच्या जलाशयातल्या बेटावरचं एक झाड मधोमध धरून तिला विमान गोल फिरवायचं होतं, आणि दर फेरीत ती झाडापासून लांब वाहवत होती.

तेवढ्यात तिला पाण्यात उलटलेली होडी दिसली. दोन माणसं तिला कशीबशी धरून होती.

सबनीसांनी रेडिओवरून कळवलं. मदतीची बोट लगेच निघाली, पण एवढ्या अफाट पाण्यात तिला जागा सापडणार कशी? "तुम्ही त्यांच्यावरच फिरत राहा," निरोप आला.

सबनीस विमान हातात घेणार, एवढ्यात शलाका म्हणाली, "सर, मी करते."

वारा पाठीमागून आला की ती विमान जास्त कलवायची, समोरून आला की कमी. होडी तिने नजरेआड होऊ दिली नाही.

अखेर बोट आली. दोघांनाही वर ओढून घेतलं.

"जमलं म्हणायचं," सबनीस दाढ उपटल्यासारख्या चेहऱ्याने म्हणाले.

संध्याकाळी कॅन्टीनमधल्या टीव्हीवर वाचलेल्यांपैकी एक जण, अंगावर घोंगडी घेऊन, तावातावाने बोलत होता. "विमानवाले वरून नुसती मजा बघत होते! खाली उतरून हात द्यायला काय झालं होतं?"

सबनीसांना हसू आवरेना.

"आवाज चांगला खणखणीत आहे हो यांचा," शलाका म्हणाली आणि तिने टीव्ही आणखी मोठा केला.