दोन्ही हात

आमच्या भरे गावात पंचायतीचं मतदान होतं. जाऊबाईंचा भाऊच उभा, त्यामुळे त्या सकाळीच मत देऊन आल्या. शाईचं बोट मला दाखवत म्हणाल्या, "तू लेकराला निवांत पाज, मग जा. घाई न्हाई." आणि पुन्हा बाहेर पडल्या.

मला त्या बोटाचा भारी हेवा वाटला. कुणाला मत द्यायचं, हे यंदा पहिल्यांदाच मी माझं माझं ठरवलं होतं.

दुपारी जुईलीला कडेवर घेऊन केंद्रावर गेले. साहेब म्हणाले, "ताई, तुमचं मत झालंय की."

कोरं बोट घेऊन घरी आले. जुईलीला घ्यायला जाऊबाईंनी सवयीनं दोन्ही हात पुढं केले. दोन्ही हातांच्या बोटांना शाई!

"घरातलं मत घरातच ऱ्हायलं न्हवं?" त्या हसल्या.

दिवसभर ज्या शाईचा हेवा केला, तिच्यातली निम्मी माझीच निघाली.