लाल काच

लोणावळ्याजवळच्या रेल्वे फाटकावर हौशीराम गेटमन होता. शेजारच्या बंगल्यातल्या शेटनं मुंबईला जाताना आपली काचेची पेटी त्याच्याकडं सांभाळायला ठेवली. आत समुद्राचं खारं पाणी, प्रवाळाचं झुडूप आणि बोटाएवढे मासे. "उजेड चांगला दे," एवढंच सांगून शेट गेला.

चांगला म्हणजे कसला? दिवेलागणीला हौशीरामनं चिमणी धरून पाहिली. प्रवाळ सुंठीसारखं दिसलं. मग ड्यूटीची हातबत्ती आणून तिची हिरवी काच फिरवली.

"अवं, मासं आजारी दिसत्यात," त्याची बायको नंदाबाई म्हणाली.

त्यानं लाल काच फिरवली आणि दोघंही बघतच राहिली. प्रवाळ पळसासारखं पेटलं होतं.

"आता हलवू नगा. खिडकीत ठिऊन बाहीरनं बगू."

पेटी खिडकीत गेली, बत्ती तिच्यामागं. बाहेरून तर लयच झकास दिसत होतं. दोघं काचेला नाक लावून उभी असतानाच मागं ब्रेक करकरले. पुण्याची गाडी फाटकातच उभी राहिली आणि ड्रायव्हर उडी मारून तरातरा आला.

"लाल कुणी दाखवली? काय झालंय?"

हौशीरामनं नुसतं खिडकीकडं बोट केलं. ड्रायव्हर वाकला आणि वाकलेलाच राहिला.

तेवढ्यात गाडीच्या शेपटाकडून गार्ड कंदील हलवत धावत आला. "अरे, झालं काय?"

"आधी तो कंदील विझवा," काचेवरची नजर न काढता ड्रायव्हर म्हणाला, "सगळा रंग जातोय."